हॉटेल उभारणीसाठीच्या सरकारी सवलती न्यायालयात कितपत टिकतात?

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, मालमत्ता कर आदींची आकारणी औद्योगिक दराने करण्याचे ठरवले. तेव्हापासून आमच्याकडे कायदेशीर सल्ल्यासाठी येणारे अनेक हॉटेल व्यावसायिक शासन निर्णयाची मोबाइलवर आलेली प्रत दाखवून ‘सवलत पक्की ना?’ असे विचारतात. मालमत्ता कर हा महापालिकेच्या अखत्यारीतला विषय असल्याने केवळ त्या प्रतीवरून होकार देणे आम्हाला शक्य होत नाही.

केरळचे उदाहरण बोलके आहे. तेथील सरकारने जुलै १९८६ मध्ये पर्यटनाला उद्योग ठरवून हॉटेलांना इमारत करातून सूट देऊ केली, आणि त्या भरवशावर कोझिकोडमधील एका कंपनीने हॉटेल बांधायला घेतले. प्रत्यक्षात सूट देण्याचा अधिकार देणारे कलम कायद्यात आले ते १९९० मध्ये, आणि १ मार्च १९९३ पासून ते वगळलेही गेले. दरम्यान कंपनीला कराची आकारणी झाली. ‘मॅन्युएलसन्स हॉटेल्स विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वचनविबंधाचे तत्त्व (आश्वासनावर विसंबून कोणी पाऊल उचलले असेल, तर आश्वासन देणाऱ्याला ते अन्यायाने मोडता येत नाही) लावून कंपनीला न्याय दिला, परंतु तो कलम अस्तित्वात होते तेवढ्याच मुदतीपुरता. म्हणजे आश्वासन १९८६ चे, निकाल २०१६ चा. मधल्या तीस वर्षांचा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात धरलेला नसतो.

काही वेळा आव्हान नागरिकांकडून येते. कोलकात्यातील अलीपूर प्राणिसंग्रहालयाकडील चार एकर जमीन लिलावाविना ताज समूहाला हॉटेलासाठी दिल्याबद्दल याचिका झाली. सरकारी मालमत्ता देताना लिलाव किंवा निविदा हाच सर्वसाधारण मार्ग असला, तरी सबळ कारण असल्यास तो सोडता येतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती फेटाळली. मात्र या निकालाच्या आधारावर लिलाव टाळण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. तेथील वाटाघाटी उघडपणे झाल्या होत्या, ही बाब निर्णायक ठरली.

गोव्यात दोनापावलाजवळील वायंगिणी किनाऱ्यावर सरकारने हॉटेल कंपनीसाठी जमीन संपादित केली, तेव्हा १९८३ च्या करारात लोकांची किनाऱ्याकडे जाणारी वाट अडवायची नाही, अशी अट होती. त्या वाटेवर आलेले बांधकाम हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम ठेवला. सवलतीचा आकडा सगळे वाचतात. अटींचे पान मात्र बहुधा उलटलेच जात नाही.

पहिल्या भेटीला येताना शासन निर्णयाची पूर्ण प्रत (परिशिष्टांसह), बांधकाम परवानगी, कर्जमंजुरीचे पत्र, कर आकारणीची सर्व बिले आणि जमीन सरकारी असल्यास भाडेपट्टा आणावा. सवलत जाहीर झाल्यानंतरच खर्चाला सुरुवात झाली, हे दाखवणारी दिनांकित पावती असल्यास ती अवश्य आणावी, कारण वचनविबंधाचा दावा बहुतांशी तिच्यावरच उभा राहतो.