काथारेव्हुसा आणि दिमोतिकी: यातली जुनी कोणती?

अथेन्समध्ये बेकरीच्या पाटीवर 'आर्तोपिईओ' लिहिलेलं असतं. आत गेल्यावर मात्र 'प्सोमी' मागायचा. 'आर्तोस' म्हणजे पाव आणि 'प्सोमी' म्हणजेही पावच. पहिला शब्द काथारेव्हुसाच्या, म्हणजे लेखी, सरकारी ग्रीकच्या वळणाचा, दुसरा दिमोतिकीतला, म्हणजे बोलीतल्या ग्रीकमधला. ग्रीकबद्दल वरवर वाचलेला माणूस काथारेव्हुसाला प्राचीन ग्रीक समजतो आणि दिमोतिकीला तिचं बिघडलेलं रूप. दोन्ही समज चुकीचे आहेत.

काथारेव्हुसा घडवलेली भाषा आहे, आणि तीही अलीकडे. स्मर्नात जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहणाऱ्या अदामान्दियोस कोराईस (१७४८–१८३३) या विद्वानाने मधला मार्ग सुचवला होता: बोली पायाला ठेवा, तुर्की-इटालियन शब्द काढा, रूपं जुन्या वळणावर न्या. तुर्कांविरुद्धच्या १८२१च्या उठावातून नवं राष्ट्र उभं राहिलं, तेव्हा सरकारी कागदांना, वर्तमानपत्रांना हेच वळण मानवलं. पुढच्या लेखकांनी ते कोराईसपेक्षा बरंच ताणलं. 'विव्लिओ' (पुस्तक) या शब्दाच्या शेवटी गळालेला 'न' परत चिकटवून 'विव्लिओन' केलं. पण 'करणे', 'जाणे' यांसारखं क्रियापदाचं जे रूप बोलीतून कधीच गेलं होतं, ते काही त्यांनाही परत आणता आलं नाही. म्हणजे कपडे प्लेटोचे, चाल एकोणिसाव्या शतकाची.

दिमोतिकी म्हणजे लोकांची भाषा, आईच्या तोंडून मुलाच्या कानात गेलेली. तिचे शब्द गावठी वाटतात, पण त्यांच्या मुळाशी गेलं की गंमत कळते. 'प्सोमी' प्राचीन 'प्सोमोस'वरून आला, म्हणजे घास. पाण्याला जुना शब्द 'ईदोर', बोलीत 'नेरो'. तो 'ताजं पाणी' या जुन्या जोडशब्दातल्या 'ताजं'वरून. वाइनचा 'क्रासी' तर 'मिसळणे' या क्रियेतून आला, कारण प्राचीन ग्रीक वाइनमध्ये पाणी घालून पीत. 'स्पीती' (घर) तेवढा लॅटिनमधून आलेला. आपल्याकडेही नळाला पाणी येतं आणि खातं मात्र जलसंपदा असतं, तसंच हे. फक्त आपल्याकडे त्यावरून कुणी जीव दिला नाही.

तिथे दिला. आलेक्सांद्रोस पाल्लिस हा रॅली ब्रदर्स या ग्रीक पेढीत नोकरी करणारा माणूस. बरीच वर्षं मुंबईत काढून तो लिव्हरपूलला गेला होता. त्याने बायबलमधल्या शुभवर्तमानाचं दिमोतिकीत भाषांतर केलं आणि १९०१मध्ये ते 'आक्रोपोलिस' या अथेन्सच्या दैनिकात येऊ लागलं. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरच्या दंगलीत आठ जण मेले, मुख्य धर्मगुरूंना पद सोडावं लागलं, सरकारही पडलं. १९११च्या राज्यघटनेने मग सरकारी भाषेला संरक्षणच दिलं.

यातला विरोधाभास असा, की ज्या देशात हे चाललं होतं त्याचं राष्ट्रगीत दिमोतिकीतलंच! दियोनिसियोस सोलोमोसने १८२३मध्ये लिहिलेली ती कविता.

दिमोतिकी डाव्यांची आणि काथारेव्हुसा उजव्यांची, अशी वाटणीही पुरती खरी नाही. दिमोतिकीचं प्रमाण व्याकरण मानोलिस त्रिआंदाफिलिदिसच्या हातून तयार झालं (१९४१), पण ते काम सुरू करून दिलं हुकूमशहा मेताक्सासने. पुढच्या लष्करी राजवटीने (१९६७–७४) मात्र काथारेव्हुसा इतकी डोक्यावर घेतली, की राजवटीबरोबर तिचीही पत गेली. १९७६मध्ये शिक्षणात दिमोतिकी आली. १९८२मध्ये लिपीतली अनेक आघातचिन्हं जाऊन एकच उरलं. हा बदल लिपीतला होता, भाषेतला नव्हे. पण दोन्हींची गल्लत नेहमी होते.

काथारेव्हुसा तरीही पुरती गेली नाही. आजच्या प्रमाण ग्रीकमध्ये कायद्याचे, वैद्यकाचे आणि कार्यालयाचे कितीतरी शब्द तिचेच आहेत. खानावळीत 'क्रासी' मागवा. येणाऱ्या बाटलीच्या चिठ्ठीवर 'ईनोस' छापलेलं असेल.