गॅसबत्तीला मेंटल घेताना

पहिला पाऊस पडला की आमच्या काउंटरवर दोन तऱ्हेची माणसं येतात: रात्री कुर्ल्या धरायला निघालेली, आणि वीज गेली म्हणून माळ्यावरची बत्ती उतरवलेली. मागणी एकच, "मेंटल द्या, मोठ्यातलं." मेंटल म्हणजे बत्तीत बांधायची, उजेड देणारी कापडी जाळी. मोठं मेंटल म्हणजे जास्त उजेड, हा समज खोडून खोडून दमलो, म्हणून हे पत्रक.

उजेडाचा हिशेब जेटपासून सुरू होतो. त्याच्या बारीक भोकातून रॉकेलची जेवढी वाफ येते, तेवढ्यात मेंटल पुरतं भरलं पाहिजे. २०० कँडलपॉवरच्या बत्तीला ५००चं मेंटल बांधलंत तर ते फुगतच नाही. सुरकुतलेलं लोंबतं आणि एका अंगाने काळवंडतं. ५००च्या बत्तीला छोटं बांधलंत तर ज्योत जाळीबाहेर येते आणि मेंटल फाटतं. तेव्हा बत्तीवर कोरलेला आकडा वाचून या. गंजून गेला असेल तर बत्तीच आणा, पण टाकी रिकामी करून. भरली बत्ती बसमध्ये घेऊन चढू नका.

दोन्ही टोकांना बांधायचं मेंटल काही परदेशी कँपिंगच्या कंदिलांना लागतं. आपल्याकडच्या बत्त्यांना एकाच दोऱ्याचं.

दोरा नोझलच्या खाचेत बसवा, चुण्या चहूबाजूंनी सारख्या करा, गाठ पक्की मारा आणि उरलेलं टोक कात्रीने कापा. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळून जातं. पुढे प्रकाशते ती मागे उरलेली राख! कापड थोरियमच्या, हल्ली बऱ्याचदा यिट्रियमच्या, क्षारांत भिजवलेलं असतं. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने ही जाळी काढली; पुढे आपल्या केरळ-कन्याकुमारीकडची थोरियम असलेली मोनाझाइट वाळू तिच्यासाठी जर्मनीला जायची. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं, म्हणून जुनी राख फुंकून उडवू नका, पोरांच्या हाती देऊ नका, काम झाल्यावर हात धुवा.

ही राख बोट लागलं तरी गळते. एका गिऱ्हाइकाने घरीच मेंटल जाळून तयार केलं आणि बत्ती स्कूटरवर पुढ्यात ठेवून जत्रेला नेली. पोचेपर्यंत काचेच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड. मेंटल बांधायचं ते मुक्कामी पोचल्यावर, आणि एक जादा खिशात ठेवायचं. पावसाळ्यात ते पुडीसकट बंद डब्यात ठेवा.

मेंटलला भोक पडलं तर "आजची रात्र निभावेल" म्हणू नका. त्या भोकातून निघालेली ज्योत थेट काचेवर बसते आणि काच तडकते. मेंटलपेक्षा काच कितीतरी महाग.

बत्तीत रॉकेलच घाला. पेट्रोलचा विचारही नको.

ओगलेवाडीच्या जुन्या प्रभात कंदिलाला मेंटल मागायलाही कुणी कुणी येतात. त्याला वात लागते. तीही ठेवतो आम्ही, आतल्या फळीवर.