राजमाचीच्या चढावर डिझेल की बॅटरी? वादाची पार्श्वभूमी

पावसाळ्यात लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या वाटेवर डिझेलची पिकअप बरी की इलेक्ट्रिक, यावर पुण्यात हल्ली तावातावाने बोललं जातं. गंमत अशी, की ज्या गाडीवरून हे सगळं चालतं ती, म्हणजे डबल कॅबची (दोन रांगांच्या केबिनची) इलेक्ट्रिक फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) पिकअप, बहुतेकांनी फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेली असते.

निम्मा घोळ 'पिकअप' या शब्दाचाच आहे. मराठीत त्याचं लिंगसुद्धा अर्थाप्रमाणे बदलतं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे भाजी उतरवते 'ती' पिकअप, आणि स्कूटर घेताना 'कसा आहे हो?' म्हणून विचारतो 'तो' पिकअप, म्हणजे गाडी जागेवरून किती जोमाने सुटते ते. २००५ साली आलेल्या टाटा एस या छोट्या मालवाहू गाडीला लोकांनी 'छोटा हत्ती' केलं आणि 'पिकअप' हे नाव तिच्याहून मोठ्या गाड्यांकडे राहिलं. पुढे २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली. मागे हौदा, पुढे पाच जणांची ऐसपैस केबिन, नंबरप्लेट पांढरी. मालाची गाडी आणि हौसेची गाडी यांतली रेघ तिथे पुसली गेली. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आल्यावर तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या पिकअपकडे बघून 'टेम्पो कुणाचा?' असं विचारणंही थांबलं.

आता 'इलेक्ट्रिकचा पिकअप जबरदस्त' हे वाक्य घ्या. 'तो' पिकअप म्हणत असाल तर ते शंभर टक्के खरं आहे. मोटर शून्य वेगापासूनच पुरा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते, इंजिनासारखे फेरे चढण्याची वाट पाहत नाही. पण ऐकणारा ते 'ती'ला लावतो, आणि चिखलातही हीच गाडी सरस असणार असं गृहीत धरतो. कातळावर गाडी सुसाट सुटून भागत नाही, तिला इंचाइंचाने सरकावं लागतं. शिवाय आकडेही दर वेळी अपेक्षेप्रमाणे नसतात. परदेशात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक डी-मॅक्सचा टॉर्क ३२५ न्यूटन-मीटर आहे, तर आपल्याकडच्या डिझेल व्ही-क्रॉसचा ३६०.

पुण्यापुरती ही गोष्ट १९८८ पासून सांगावी लागते. कारखान्यातूनच हौदा बसवून निघालेली पहिली फोर्ड १९२५ची, पण ती अमेरिकेतली. पिंपरीतून १९८८ मध्ये टाटामोबाईल २०६ बाहेर पडली. शिडीसारखी चॅसी, दोन लिटरला जरा कमी असं डिझेल इंजिन, जोर मागच्या चाकांवर. नंतरच्या सिएरा आणि सुमो याच घराण्यातल्या. वेल्हे, भोर, मुळशीकडच्या कच्च्या रस्त्यांवर दुधाचे कॅन आणि भाताची पोती याच जातीच्या गाड्यांनी वाहिली, आणि त्याला तेव्हा कुणी 'ऑफरोडिंग' म्हणत नव्हतं. डिझेलवरचा इथला विश्वास त्या काळातला आहे. गाडी बिघडली तर गावातला मिस्त्री ती उघडू शकत होता. आजच्या कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या, डिझेलबद्दल हे तितक्या छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण विश्वास टिकून आहे.

इलेक्ट्रिक पिकअप अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी येऊन गेल्या होत्या. खरी लाट २०२१ नंतरची. त्या वर्षी सप्टेंबरात रिव्हियन या अमेरिकी कंपनीची आर१टी पिकअप ग्राहकांच्या हाती पडू लागली. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी ट्रान्स्फर केस नाही आणि 'फोर-लो'चा, म्हणजे चारही चाकांना लो रेंज गिअर लावण्याचा, दांडाही नाही. जुन्या मंडळींना हेच खटकलं. लो रेंज गिअरची गंमत अशी, की चढताना जोर वाढतो आणि उतरताना इंजिनच ब्रेकचं काम करतं. इलेक्ट्रिक गाडीत ते काम मोटर वीज परत बॅटरीत भरत करते, आणि सहसा छान करते. मात्र वर पोचल्यावर बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागलात, तर परतणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

वजनाचं गणित याहून अवघड आहे. आर१टी ३ टनांच्या वर जाते, इलेक्ट्रिक हमर ४ टनांच्या. भातखाचराच्या कडेला रुतलेली २ टनांची हायलक्स गावकरी आणि एक ट्रॅक्टर मिळून काढतात. ४ टनांना काय लावायचं?

पुण्यात बॅटरीबद्दलची शंका मात्र ऑफरोडिंगमुळे आली नाही. मार्च २०२२ मध्ये शहरात रस्त्याकडेच्या एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. मे महिन्यात सिंहगडावर खासगी गाड्या बंद करून ई-बस सुरू झाल्या आणि त्याच महिन्यात ती सेवा गुंडाळावी लागली. त्यात चढाचा, चार्जिंगचा आणि गर्दीच्या नियोजनाचा वाटा किती, यावर आजही एकमत नाही. लोकांच्या लक्षात 'बॅटरीला घाट झेपत नाही' एवढंच राहिलं. बॅटरीच्या चाचण्यांचे नियम १ डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत कडक झाले, पण त्या बातमीला स्कूटरच्या व्हिडिओइतके प्रेक्षक लाभले नाहीत.

पाण्याच्या बाबतीत तर भीती उलटीच असायला हवी. ओढा पार करताना डिझेल इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च लाखात जातो. म्हणून तर लोक स्नॉर्कल, म्हणजे हवा वरून ओढणारी उंच नळी, बसवतात. मोटरला श्वास लागत नाही. तरीही इलेक्ट्रिक डी-मॅक्सची पाण्यातली मर्यादा ६०० मिलिमीटर दिली आहे आणि डिझेल हायलक्सची ७००, म्हणजे इथेही बॅटरीवाल्याने छाती फुगवण्यासारखं काही नाही.

राहतो पल्ला. त्याच डी-मॅक्सची बॅटरी ६६.९ किलोवॅट-तासांची, आणि कागदावरचा पल्ला २६३ किलोमीटर. पुण्याहून लोणावळा साधारण ६५, पुढे राजमाचीपर्यंत कच्चा रस्ता सुमारे १५, म्हणजे जाऊन-येऊन १६०. बसतं गणित. पण टायरमधली हवा कमी केलेली, चाकं चिखलात फिरताहेत, मागे हौद्यात सामान, अशा वेळी त्या २६३ मधले किती उरतात ते वाटेवरच कळतं. डिझेलवाला मागे एक कॅन बांधून निघतो, आणि राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत फास्ट चार्जर नाही.