माकडताप होऊन गेल्यावर धूसर दिसतंय? चष्म्याचा नंबर काढायच्या आधी हे वाचा

काजूच्या बागांची साफसफाई सुरू झाली की थोड्याच दिवसांत आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर एकच प्रश्न यायला लागतो, "माकडताप झालेला, आता बरा आहे, पण धूसर दिसतंय, नंबर काढून आजच चष्मा देता का?" दोडामार्ग, बांदा इकडचे तर विचारतातच, पण सत्तरी-डिचोलीकडून पण लोक येतात आणि लांबून आल्यामुळे त्यांना घाई असते. आम्ही नाही म्हटलं की वाईट वाटतं, काही जण रागावून दुसरीकडे जातात. का नाही म्हणतो ते नीट कळावं म्हणून हे लिहून ठेवलंय, घरी न्या, शेजारीपाजारी पण द्या.

माकडताप आपल्याकडे कुणाला नवीन नाही. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावातली माणसं तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू शोधला. गोव्यात सत्तरीत 2015 ला आणि आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यात 2016 ला साथ आली. विषाणू गोचिडीतून येतो, वानर आणि लाल तोंडाची माकडं त्याने मरतात, आणि त्या जागी पाचोळ्यात गेलेल्या माणसाला बारकी गोचीड चावली की ताप. एवढं सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की हा विषाणू काही जणांच्या मेंदूपर्यंत जातो आणि मग डोळ्यांचा त्रास सुरू होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. माकडताप बऱ्याचदा दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा म्हणजे एकदम चढलेला ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, उलट्या, डोळे लालबुंद, हे आठवडाभर किंवा थोडं जास्त चालतं. मग ताप उतरतो, माणूस उठून बसतो, जेवायला लागतो. बहुतेकांचं तिथेच संपतं, नंतर फक्त अशक्तपणा राहतो. पण शंभरातल्या दहा ते वीस जणांना मधे आठवडा-दोन आठवडे बरं वाटून, साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला परत ताप येतो आणि ह्या वेळी त्यात मेंदूची लक्षणं असतात. डोकं फुटेल असं दुखणं, मान आखडणं, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ, आणि नजर कमी होणं.

आणि आमच्याकडे लोक नेमके कधी येतात? त्या मधल्या बऱ्या दिवसांत! ताप गेला, कामावर जायचंय, पेपर वाचताना अक्षरं पुसट दिसतात, म्हणजे नंबर वाढला असणार असं स्वतःच ठरवून येतात. हीच चूक सगळ्यात महागात पडते. पैशाने पडतेच पण वेळेने जास्त, कारण चष्म्याच्या नादात आठ-दहा दिवस गेले आणि तोवर आत काही चालू असेल तर ते वाढत राहतं. म्हणून हात जोडून सांगतो, माकडताप होऊन महिना झाला नसेल आणि धूसर दिसण्यासोबत डोकं जोरात दुखत असेल, उलटी होत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा ताप परत चढत असेल तर आमच्या दुकानाची पायरी चढूच नका, सरळ हॉस्पिटल गाठा. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे जा, नाहीतर सावंतवाडी, ओरोस किंवा बांबोळी, जे लवकर गाठता येईल ते.

चष्मा काय करतो तर उजेड डोळ्यातल्या पडद्यावर नीट जुळवून देतो, एवढंच त्याचं काम. ह्या आजारात पडद्यावर रक्तस्राव, डोळ्याच्या आतल्या भागाला सूज, बुबुळाला सूज, आतल्या द्रवात गढूळपणा असं झाल्याच्या नोंदी डॉक्टर लोकांकडे आहेत. मेंदूला सूज आली की आतला दाब वाढतो, त्याने डोळ्याच्या मागची नस सुजू शकते, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दबली तर एकाचे दोन दिसतात. आणि बघायचं खरं काम तर डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूत होतं, तो भाग दुखावला तर डोळा तपासायला अगदी चांगला असतो आणि तरी माणसाला दिसत नाही. जपानी मेंदूज्वरात, जो डुकरं आणि पाणपक्ष्यांकडून डासामार्फत येतो आणि विदर्भात गडचिरोलीकडे आढळतो, त्यातून वाचलेल्या काही मुलांमध्ये असं होतं. ह्यातल्या एकाही गोष्टीवर लेन्स बसवून उपयोग नाही, कितीही महागडी असली तरी.

मग नंबरामुळे धूसर आहे की दुसऱ्या कशामुळे, हे कळायचं कसं, तर आमच्याकडे एक साधी काळी तबकडी आहे, तिला बारीक भोक पाडलेलं असतं, त्याला पिनहोल म्हणतात. एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या भोकातून तक्ता वाचायचा. नंबराचा प्रश्न असेल तर भोकातून अक्षरं बऱ्यापैकी स्पष्ट होतात. भोकातून पण तेवढंच धूसर किंवा आणखी वाईट दिसत असेल तर आम्ही तिथेच थांबतो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. ही तपासणी आम्ही फुकट करतो, त्यासाठी चष्मा घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. पण पिनहोलने स्पष्ट दिसलं म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायलाच हवा, ते काम आमच्या मशीनचं नाही.

दुसरं म्हणजे नंबर हलतो. मोठ्या तापानंतर जवळचं बघायला लावणारा डोळ्यातला स्नायू पण थकलेला असतो, त्यामुळे चाळिशीच्या आसपासच्या लोकांना अचानक वाचायचा चष्मा लागल्यासारखं वाटतं आणि अंगात ताकद आली की ते कमी होतं. शुगर असेल तर आजारपणात ती वरखाली होते आणि तिच्यासोबत नंबर पण. डोळ्याला आतून सूज असेल तर डॉक्टर बाहुली मोठी ठेवणारे ड्रॉप देतात, त्यातल्या ॲट्रोपिनचा परिणाम आठवडाभर किंवा जास्त पण राहतो, त्या काळात जवळचं धूसर दिसणारच, त्यात काढलेला नंबर काही कामाचा नाही. तरी लोक ड्रॉप चालू असताना येतात आणि सांगत पण नाहीत! कृपा करून सांगा.

म्हणून आमची पद्धत अशी आहे, की माकडताप झालेल्या माणसाचा नंबर दोनदा काढायचा, मधे तीन आठवडे सोडून, आणि दोन्ही जुळले तरच लेन्स कापायची. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच लेन्समधून दिसणारा चष्मा असेल तर ह्यात काहीही सूट नाही, कारण ती लेन्स तुमच्याच मापाने लॅबमधून बनून येते, एकदा फ्रेममध्ये बसवली की परत कुणाला लागत नाही. काही जण म्हणतात दुसरा दुकानवाला अर्ध्या तासात देतो, तुम्हीच का अडवता. आम्हाला पण आजच बिल केलं तर बरंच आहे ना, पण महिन्याभरात त्या चष्म्याने गरगरायला लागलं की परत पैसे तुमचेच जाणार. मधल्या दिवसांत अगदीच अडत असेल तर पडदा तपासलेला कागद दाखवा, आम्ही स्वस्तातली साधी वाचायची जोडी देतो, पक्का चष्मा करताना तिचे पैसे वळते करतो.

ट्रायल फ्रेमबद्दल, म्हणजे नंबर काढताना सगळ्यांना लावतो त्या फ्रेमबद्दल पण खूप विचारतात. माकडतापाचा पेशंट येऊन गेला म्हणून ती फ्रेम डोळ्याला लावायला घाबरतात, एकदा तर एक कुटुंब दारातूनच परत गेलं. माकडताप माणसापासून माणसाला होत नाही, चष्म्याने नाही, रुमालाने नाही, शेजारी बसून तर नाहीच. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकानंतर फ्रेम स्पिरिटने पुसतो ते डोळे येण्याच्या साथीसाठी. ज्यांच्या घरात हा आजार झालाय ते आधीच दमलेले असतात, त्यांना असं वागवू नका.

पापणीला गोचीड चिकटली म्हणून पण लोक दुकानात येतात, कारण आमच्याकडे बारीक चिमटा असतो. आम्ही ती काढत नाही. तुम्ही पण नखाने चिरडू नका, रॉकेल तर डोळ्याजवळ अजिबात नको, डॉक्टरांकडून काढून घ्या आणि पुढचे आठ-दहा दिवस तापाकडे लक्ष ठेवा. ताप आला तर बागेत गेलो होतो, गोचीड चावलेली, हे आपणहून सांगा म्हणजे रक्ताची तपासणी लवकर होते. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड दूर ठेवायचं तेल हातापायाला लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडे पण गरम पाण्यातच धुवा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता ग्रामपंचायतीला किंवा वनखात्याला कळवा.

आमच्याकडे येताना हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, चालू ड्रॉप आणि गोळ्या, आणि जुना चष्मा तुटका असला तरी आणा, जुन्या नंबरावरून फरक किती पडला ते लगेच समजतं. बाहुली मोठी केलेल्या दिवशी नंबरासाठी येऊ नका आणि त्या दिवशी स्वतः गाडी पण चालवू नका. फ्रेम आवडली असेल तर नाव लिहून बाजूला ठेवतो, दुसरा नंबर काढेपर्यंत भाव तोच राहील, ॲडव्हान्स काही घेत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे माकडतापाच्या पेशंटनी शक्यतो दुपारी दोन ते चार मधे या, त्या वेळेत बसवून नीट तपासता येतं.