बुटका पंखाताड

बुटका पंखाताड : (शास्त्रीय नाव : कॅमेरॉप्स ह्युमिलिस, कुल : ताल, अरेकेसी). थंडी सोसणारे, फार उंच न जाणारे झुडूपवजा ताडवर्गीय झाड. ‘कॅमेरॉप्स’ हे नाव ‘जमिनीवर’ आणि ‘झुडूप’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून आले आहे. लॅटिन ‘ह्युमिलिस’चा अर्थही ठेंगणा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये हे नाव दिले. या प्रजातीत ही एकच जाती आहे.

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यापासून स्पेन, सिसिली, सार्डिनियापर्यंत आणि समुद्रापलीकडे मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशियात हा ताड खडकाळ उतारांवर, चुनखडीच्या भेगांमध्ये आपसूक उगवतो. पावसाळा तिथे हिवाळ्यात असतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. वणव्यात झावळ्या जळून जातात, पण बुंध्यापासून पुन्हा कोंब येतात. स्पेनमध्ये याला ‘पाल्मितो’ म्हणतात आणि कोवळा गाभा खातात. मायोर्का बेटावर पानांच्या पट्ट्या विणून टोपल्या करण्याची जुनी कला आहे.

झाड सहसा २ ते ४ मी. उंच होते. केळीला मुनवे फुटावेत तसे बुंध्याभोवती कोंब येत राहतात, त्यामुळे ताड म्हटले की डोळ्यांपुढे येणारा एकटा सोट खांब इथे दिसत नाही. पसरलेले बेट दिसते. पाने पंख्यासारखी, देठांवर टोकदार काटे. जाड हातमोजे न घालता वाळकी पाने काढायला गेलेला माणूस पुढच्या वेळी आठवणीने घालतो. बियांपासून आलेल्या रोपाची पहिली पाने मात्र साधी, गवताच्या पात्यासारखी असतात. पुढच्या पानांना चिरा पडत जातात आणि मग पंखा उघडतो. इटलीतील पाडुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेल्या अशाच एका ताडावर जर्मन कवी गटे याने १७८६ मध्ये हा क्रम पाहिला आणि माळ्याकडून ती पाने एकापाठोपाठ कापून घेतली. वनस्पतींच्या रूपांतराविषयीचा त्याचा ग्रंथ १७९० मध्ये निघाला. ते झाड काचघरात अजून उभे आहे.

नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. परागीभवन प्रामुख्याने एक छोटा भुंगा करतो. गंमत अशी, की त्याला बोलावणारा वास फुलांना नसून पानांना येतो.

थंडी आणि ओल

रोपवाटिकांच्या चिठ्ठ्यांवर ‘उणे १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो’ असे लिहिलेले असते. जमिनीत मुरलेल्या जुन्या झाडाबाबत आणि थोड्या वेळच्या गारठ्यापुरते ते खरे आहे. कुंडीतल्या रोपाला तो आकडा लावू नये, कारण कुंडीत मुळेही गोठतात. शिवाय थंडी एकटी झाडाला क्वचितच मारते. थंडी आणि ओल मिळून मारतात. ताडाच्या प्रत्येक खोडाला वाढीचे एकच टोक असते. तिथे पाणी साचून गोठले, की गाभा सडतो. गारठा ओसरल्यावर मधला न उघडलेला पोंगा हलकेच ओढून पाहावा. तो सहज हातात आला आणि बुडाशी तपकिरी, आंबूस वासाचा चिखल दिसला, तर ते खोड बहुधा गेले. खोड गेले म्हणून झाड उपटण्याची घाई मात्र करू नये. उन्हाळ्यात शेजारून नवे कोंब अनेकदा वर येतात, आणि एकखोडी जातींना नसलेली ही सोय हेच या ताडाचे मोठे बळ आहे.

म्हणून लागवडीत पहिली काळजी निचऱ्याची घ्यावी. भरपूर ऊन, वाऱ्याआड जागा, खडी-वाळू मिसळलेली माती आणि किंचित उंचवटा असावा. लागवड वसंताच्या अखेरीस करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. कडाक्याच्या दिवसांत पाने वर गोळा करून सैल बांधावीत, बुंध्याशी कोरडा पालापाचोळा घालावा आणि हवा खेळेल असे कापड गुंडाळावे. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. गारठा सरताच कापड सोडावे. हिरवी पाने कापू नयेत. जुनी पाने पिवळी पडली, तर बहुधा पोटॅश किंवा मॅग्नेशियम कमी पडलेले असते.

दक्षिण अमेरिकेतून युरोपात आलेल्या एका पतंगाच्या अळ्या याचे खोड पोखरतात. दुसरा शत्रू कोकणच्या बागायतदाराला चांगला परिचित आहे : माडाचा सोंड्या भुंगा. आशियातला हा कीटक १९९० च्या दशकात स्पेनमध्ये पोचला. खजूरवर्गीय झाडांच्या मानाने बुटक्या पंखाताडाला त्याचा उपद्रव कमी होतो. खोडावरचा दाट काथ्या भुंग्याला आड येतो.

महाराष्ट्रात हा ताड लावायचा तर थंडीची भीती नाही, अडचण जूननंतरची. मूळ प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो, इथे नेमक्या उबेच्या दिवसांत माती भिजलेली राहते. आळे करून पाणी जिरवण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. माती बुंध्याकडून बाहेर उतरती ठेवावी.

याहून जास्त थंडी सोसणारा बुटका ताड हवा असेल, तर अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुईताड (रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स) आहे. तो उणे २० अंशांच्या आसपासही टिकतो, मात्र वाढतो फार सावकाश.