पुणे जिल्ह्यातील धान्यशेती

पुणे जिल्ह्यात होणारी भात, बाजरी, ज्वारी आणि गहू या पिकांची शेती. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला बारामती-इंदापुरात तो जेमतेम पाचशेवर येतो. मावळ, मुळशी, वेल्हे (आता राजगड) आणि भोर भाताचे, जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि पुरंदर बाजरीचे, तर दौंड, बारामती, इंदापूरची काळी राने शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, ही वाटणी मुळात पावसाने केलेली आहे. ती पाटाने मोडली. बारमाही पाणी जिथे पोचले तिथे धान्य वाढण्याऐवजी मागे हटले, आणि जिल्ह्यातली धान्यशेती समजून घ्यायची तर सुरुवात या गोष्टीपासून करावी लागते.

इथले कालवे दुष्काळावरचा उपाय म्हणून काढले गेले. खडकवासल्याचे धरण १८७९-८० च्या सुमारास पुरे झाले आणि नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. ज्वारी-बाजरी वाचवावी हा हेतू होता. पण पाऊस बरा झालेल्या वर्षी धान्याला पाणी घ्यायला आणि त्याची पट्टी भरायला शेतकरी तयार नसे, आणि दुष्काळी वर्षी सगळ्यांनाच एकदम पाणी हवे असे. कालव्याचा खर्च काही निघेना. उसाला मात्र वर्षभर पाणी लागते आणि त्याची पट्टीही भरली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरेवर ‘ब्लॉक’ पद्धत बसवली. गावोगावी ठरावीक फड पाडून ऊस आणि धान्य यांची फेरपालट व्हावी आणि पाणी जास्त गावांत पसरावे, अशी ती योजना होती. पुढे साखर कारखाने उभे राहिले आणि फेरपालटीतले धान्य हळूहळू बाजूला पडले. नीरेकाठच्या शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. उसाचा भाव आधी ठरतो आणि माल कारखाना नेतो. ज्वारीचे पोते घेऊन बाजारात त्याला स्वतःच उभे राहावे लागते.

शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा-हस्ताच्या पावसावर होते. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. चार महिने पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. म्हणून ही ओल राखणे हे या शेतीतले मोठे कसब आहे. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली उथळ मशागत, करतात. शेवटची दातेरी कोळप्याने केली जाते, कारण तोवर काळ्या रानात हात मनगटापर्यंत आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात आणि त्यांतून ओल उडून जाते. कोळप्याने भुसभुशीत माती भेगांत ढकलली की रान मिटते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे सांगतात. पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) किंवा फुलोऱ्यात विहिरीचे एखादे संरक्षित पाणी मिळाले तर दाणा टपोरा भरतो. हवा ढगाळ राहिली की मावा पडून पानांवर चिकटा येतो, आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर मोत्यासारखा दाणा काळा पडतो. दाणा काळा पडला की भाव गेलाच.

बाजारात मालदांडी या शाळूच्या वाणाचा मान अजून टिकून आहे. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातल्या भुसार विभागात ज्वारी बघणारा आधी ती तळहातावर पसरून रंग पाहतो, मग दोन दाणे दाताखाली धरतो. कट्ट वाजले तर माल वाळलेला. दाणा दबला तर ओलसर, भाव खाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मालदांडीला क्विंटलमागे ३,७४९ रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये हमीभाव जाहीर केला. फरक अवघा ५० रुपयांचा, आणि भाकरीला कोणती ज्वारी लागते हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो खटकतो. पेठेत चांगल्या मालदांडीला संकरित ज्वारीपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो.

तरीही शाळूचे क्षेत्र घटते आहे, आणि त्याचे कारण फक्त भावात शोधून चालणार नाही. हे पीक मुळासकट उपटून काढतात, हाताला फोड येतात, आणि त्या कामाला मजूर मिळत नाही. दुसरे कारण पाखरांचे. चारी बाजूंना ऊस आणि मधे एकट्याचा एकर-दोन एकर शाळू असला की परिसरातली सगळी पाखरे त्याच्यावर उतरतात. पूर्वी शिवारात सगळ्यांचीच ज्वारी असे, तेव्हा नुकसान वाटले जाई. आता जो पेरतो तो एकटा सोसतो. उरलेला शाळू बऱ्याच अंशी कडब्यामुळे टिकला आहे. दुभत्या जनावरांना वैरण हवीच असते, आणि चाराटंचाईच्या वर्षी शेकडा पेंढ्यांचा भाव धान्याच्या पैशाला मागे टाकतो.

गव्हाला पाणीही लागते आणि थंडीही. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधली तर उत्तम. पहिले पाणी अठराव्या ते एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळे फुटताना, मिळायलाच हवे. कालव्याखालच्या शेतकऱ्याची पंचाईत इथे होते. पाणी आवर्तनाने सुटते, आवर्तनाची तारीख कालवा सल्लागार समितीत ठरते, आणि खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यावर पुणे शहराचा पिण्याचा हक्क पहिला असतो. शहर वाढले तसे शेवटच्या टोकाच्या, ‘टेल’च्या, शेतकऱ्याचे पाणी उशिरा आणि कमी झाले. विहीर असली तरी वीज आठवड्याआड रात्रीची. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसाच्या आडोशाने बिबटे वाढले आहेत. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गव्हाचे दारे धरायला, म्हणजे पाणी वळवायला, जाणे हे तिथे जिवावरचे काम आहे. तुषार संचाने हा त्रास थोडा कमी होतो, कारण वाफ्यावाफ्याला बारे मोडत बसावे लागत नाही आणि पाणीही वाचते. फेब्रुवारीत उष्मा लवकर आला तर मात्र कोणताही संच कामाचा नाही, दाणा चिमतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बारामती तालुक्यातल्या होळ येथील प्रक्षेत्रावर गव्हाच्या वाणांवर दीर्घकाळ काम केले आहे, आणि त्यांचा एमएसीएस ६४७८ हा वाण सुमारे ११० दिवसांत येतो. शहराच्या पोळीचा गहू तरीही बराचसा मध्य प्रदेशातून येतो. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरणारी पुण्यातली घरे सिहोरी किंवा लोकवन मागतात. केंद्राने १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात थांबवली ती ऐन या भरणीच्या दिवसांत.

पश्चिमेकडे पाऊस उदंड, पण तो वाहून जातो. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण मावळात आजही खरी आहे; सप्टेंबरच्या उत्तरार्धात पावसाने ओढ दिली तर निसवलेला भात पळंज, म्हणजे दाणा न भरलेला, राहतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी हा वाण १९८७ मध्ये आला आणि त्याने इथले अर्थकारण बदलले. आंबेमोहोर उंच वाढतो, लोळतो आणि कमी उतरतो. इंद्रायणीने वास बऱ्यापैकी राखून उतारा दिला. कामशेत, पौड या बाजूंना शेतकरी तो स्वतः भरडून थेट गिऱ्हाइकाला विकतात, आणि आडत, म्हणजे दलाली, वाचते. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे. पण त्या खोऱ्यातली उत्तम खाचरे १९२० च्या दशकात टाटांच्या धरणाखाली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह याच जमिनींसाठी होता. ते पाणी आजही वीज करून कोकणात उतरते.

हवामानाचा अभ्यास पुण्यात जुना आहे. वेधशाळेचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आले, म्हणून शिवाजीनगरचा चौक अजून ‘सिमला ऑफिस’. १९३२ पासून एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचे कामही इथेच उभे राहिले. आज मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी सल्ला फवारणी आणि काढणीला खरोखर उपयोगी पडतो. पण २०२५ मध्ये मे संपण्याआधीच बारामती, इंदापुरात पूर आला, तेव्हा उन्हाळी बाजरी काढणीला आली होती, आणि अशा पावसापुढे सल्ला मिळूनही हाती फार काही उरत नाही.

धान्याच्या बाजूने पाण्याचा विचार जिल्ह्यात ठामपणे मांडला तो पुरंदर तालुक्यातल्या नायगावात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. तेवढ्या पाण्यात कुटुंबाची ज्वारी, बाजरी, गहू निघत असे. बंदीची अट आजही अनेकांना कडक वाटते, पण तिच्याशिवाय हा हिशेब जुळलाच नसता.

अलीकडे शाळूला एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. डिसेंबर-जानेवारीत शहरातली कुटुंबे हुरडा खायला शेतावर येतात, आणि सुरती किंवा गूळभेंडी या हुरड्याच्या वाणांची कणसे कोवळी असतानाच आगटीत जातात. पाखरे, अवकाळी आणि मळणी तिन्ही टळतात. ताटे हिरवी असतानाच गोठ्यात पोचतात.