उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत किती मिनिटं?

मागच्या उन्हाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आत्याच्या घरी आम्ही एक मोजणी केली: आग, भूकंप असं संकट आलं तर तिला घराबाहेर पडायला किती वेळ लागेल? आत्याला लहानपणी पोलिओ झालेला. बाहेर जायचं तर पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आधाराचा सांगाडा, आणि काखेत कुबड्या. घरात मात्र ती हातावर जोर देत, बसून सरकते आणि स्वयंपाकासकट सगळं करते. रात्री लाईट घालवली, मोबाईलवर वेळ लावली आणि म्हटलं, "आत्या, आता रस्त्यावर यायचं." ती आली तेव्हा सात मिनिटं चाळीस सेकंद झाली होती.

मग हा आकडा फोडून पाहिला. अंधारात बॅटरी सापडेपर्यंत दीड मिनिट. कोपऱ्यातला कॅलिपर ओढून पट्टे आवळायला पावणेतीन मिनिटं. किल्ली आणि दाराची वरची कडी यांत दोन मिनिटं. ती कडी आत्याच्या हाताला पोचतच नाही, सूनबाई येईपर्यंत थांबावं लागलं. प्रत्यक्ष चालायला लागलं ते जेमतेम दीड मिनिट. आत्या हळू चालते म्हणून उशीर होतो, असं आम्ही सगळे इतकी वर्षं धरून चाललो होतो.

आगीचा अभ्यास करणारे तज्ज्ञ हाच हिशेब मांडतात. जागा जीवघेणी होईपर्यंत मिळणारा वेळ एका बाजूला, बाहेर पडायला लागणारा वेळ दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या वेळेचे तीन तुकडे असतात: धोका कळणं, निघायची तयारी आणि चालणं. दिव्यांग माणसाचा बराच वेळ अनेकदा पहिल्या दोन तुकड्यांत जातो, आणि नेमके तेच तुकडे आपल्याला घरबसल्या कमी करता येतात.

मराठवाड्यात हा विषय निघाला की किल्लारी आठवतेच. 30 सप्टेंबर 1993, गणेश विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमारास 6.2 तीव्रतेचा भूकंप. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड धाबं (सपाट छप्पर) झोपलेल्या माणसांवर आलं. भूकंपाच्या पहिल्या हलक्या लहरी आणि मागून येणाऱ्या जोरदार लहरी यांत दर आठ किलोमीटर अंतराला साधारण एक सेकंदाचं अंतर पडतं. म्हणजे केंद्राजवळच्या गावाला दोन-तीन सेकंद. एवढ्यात धडधाकट माणूसही उंबरा ओलांडत नाही. म्हणून हादरे चालू असताना व्हीलचेअरवरच्या माणसाने चाकांचे ब्रेक लावावेत, पुढे वाकून डोकं-मान हातांनी झाकावी. अंथरुणावर असलेल्याने उशी डोक्यावर घ्यावी. बाहेर पडायचं ते हादरे थांबल्यावर. खरी तयारी मात्र आधीची: त्या माणसाची खाट जुन्या दगडी भिंतीपासून आणि फडताळापासून लांब, घरातल्या सगळ्यांत हलक्या छपराखाली आणि दाराजवळ हवी. आपल्याकडे आजारी माणसाला आतल्या, अंधाऱ्या खोलीत ठेवायची सवय आहे. ती मोडायला हवी. 2024 मध्ये मार्च आणि जुलैतही हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले आहेत.

आगीत मिनिटं मिळतात, पण थोडी. धूर गरम असतो, म्हणून वर चढतो; जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी राहते. म्हणजे आत्याचं सरकत जाणं हीच धुरातली योग्य चाल. गॅसचं उलटं आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो आणि सरकणाऱ्या किंवा खाली झोपलेल्या माणसाच्या नाकाशी सगळ्यांत आधी पोचतो. सिलिंडर असलेल्या खोलीत अशा माणसाचं अंथरूण घालूच नये. वास आला तर लाईटचं कुठलंच बटण न दाबता दारं उघडावीत, रेग्युलेटर बंद करावा आणि त्या माणसाला पहिल्यांदा बाहेर काढावं.

उचलायचं कसं, यावर आमचा बराच वेळ गेला. माझ्या भावाने सरळ काखेत हात घातले तशी आत्या कळवळली. "पोत्यावानी उचलू नका रे लेकरांनो. आधी इचारा." तिने स्वतःच दाखवलं की डावा खांदा दुखतो, तिथे ओढ नको, आणि पायाखाली हात हवाच. ज्याचं शरीर त्यालाच ते ठाऊक असतं. दोन माणसं असतील तर तिला घरातल्या मजबूत खुर्चीवर बसवून, एकाने खुर्चीची पाठ आणि एकाने खुर्चीचे पुढचे पाय धरायचे. सूनबाई एकटीच असेल तर सतरंजी. गुळगुळीत शहाबादी फरशीवर सतरंजीसकट ओढताना फक्त घर्षणाशी झुंजावं लागतं. उचलायला जेवढा जोर लागतो त्याच्या निम्म्याहून कमी जोर पुरतो. डोक्याच्या बाजूने, डोकं जरा वर धरून ओढायचं. सूनबाईने पहिल्याच खेपेला आत्याला एकटीने ओसरीपर्यंत आणलं.

बाकी बदल साधे होते. बॅटरी खाटेला दोरीने बांधली. दाराला खाली, हाताच्या टप्प्यात कडी बसवली. शेजारच्या दोन घरांत एकेक किल्ली दिली. पिशवीत आठवडाभराची औषधं, कॅलिपरचे जादा पट्टे आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेली यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत. कॅलिपर पिशवीबरोबर न्यायचा, घालायला थांबायचं नाही. दुसऱ्या मोजणीत दोन मिनिटं दहा सेकंद लागले. दोन्ही आकडे आत्याने दारामागे खडूने लिहून ठेवलेत.

प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघतो. ऐकू न येणाऱ्याला देवळाचा भोंगा किंवा दवंडी निरुपयोगी. त्याच्यासाठी उशीखाली थरथरणारा मोबाईल हवा आणि बॅटरीच्या उजेडाची खूण शेजाऱ्यांशी ठरलेली हवी. दृष्टिहीन माणूस अंधारात आपल्यापेक्षा सराईत असतो, पण भूकंपानंतर सामान जागेवर राहत नाही. त्याला ओढू नये. आपलं कोपर त्याच्या हाती द्यावं आणि पुढे काय आहे ते बोलत जावं. गोंगाटाला घाबरणाऱ्या मतिमंद किंवा स्वमग्न मुलाला तर सराव सगळ्यांत जास्त लागतो, तोही खेळासारखा, ओळखीच्या माणसाबरोबर.

पूर बहुतेक वेळा तासांची सवड देतो, आणि तीच आपण वाया घालवतो. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा, भूम भागात बोटी आणि हेलिकॉप्टरने लोक काढावे लागले. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, आणि कमरेएवढं पाणी आपलं निम्मं वजन उचलून पायाची पकडही निम्मी करतं. अशा पाण्यातून दुसऱ्याला उचलून नेणं म्हणजे दोघांचाही जीव. शिवाय आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तिच्यात रुततात, कारण त्यांच्यावरचा भार बोटाएवढ्या जागेवर येतो. खुर्ची मागे कलवून, मोठ्या चाकांवर उलटी ओढली तर निघते. चिखल जास्त असेल तर आपली बाजच बरी, चार खांदे लावून. पण दिव्यांग माणसाने गावाबरोबर न निघता गावाच्या आधी, पाणी ओढ्यात असतानाच, उजेडी निघावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या आठव्या कलमाने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी टाकली आहे. आपलं नाव त्या यादीत आहे का, हे तहसीलमध्ये जाऊन विचारावं. ग्रामपंचायतीतही कळवून ठेवावं. संकटात मदतीसाठी 112 नंबर आहेच, पण पहिली दहा मिनिटं शेजाऱ्यांचीच असतात.

आमच्या दोन्ही मोजण्या कोरड्या अंगणातल्या. आत्याच्या ते ध्यानात आलं. भादव्यात या, म्हणाली, पाऊस लागला असताना, रात्रीचं. दारामागे तिसऱ्या आकड्यासाठी तिने जागा सोडली आहे.